अंदाजपत्रक करणें आणि पाळणें

फाल्गुन सरत आला कीं आमच्या सोलापुरांत ऊन तापूं लागतें, आणि त्याच सुमारास कचेऱ्यांतील हिशेबाच्या खोल्याही तापूं लागतात. महापालिका असो वा शाळा, देवस्थान असो वा वाचनालय, पतपेढी असो वा सहकारी गृहनिर्माण संस्था, प्रत्येक ठिकाणीं ३१ मार्च या तारखेस एका वर्षाची वही मिटावयाची असते आणि दुसऱ्या वर्षाची उघडावयाची असते. हें काम हिशेबनिसांचें, आपला त्याशीं काय संबंध, असें पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांस वाटतें. आणि घरांतील स्त्रियांस तर या विषयांत आपणांस कोणी विचारणारच नाहीं असें वाटतें. परंतु ज्या एकत्र कुटुंबांत हें मासिक वाचलें जातें त्यांपैकीं बहुतेकांत कोणी ना कोणी एखाद्या संस्थेचा चिटणीस, खजिनदार अथवा विश्वस्त असतो. कोणाचें तरी वेतन संस्थेच्या तिजोरींतून येतें. आणि घरपट्टी व पाणीपट्टी तर सर्वांसच भरावी लागते. म्हणून संस्थेचें वार्षिक अंदाजपत्रक कसें केलें जातें, तें वर्षभर कसें पाळलें जातें आणि पाळलें न गेल्यास त्याची झळ कोणास लागते, याचा विचार घरीं बसूनही करावयास हवा, असें आम्हांस वाटतें.

अंदाजपत्रक म्हणजे येणाऱ्या बारा महिन्यांतील जमा व खर्च यांची आधीं केलेली मांडणी, ही व्याख्या शाळेंतील मुलासही सांगतां येईल. परंतु संस्थेच्या बाबतींत त्या कागदाचे अर्थ तीन होतात. पहिला अर्थ परवानगीचा : ज्या बाबीवर जेवढी तरतूद सभेनें मंजूर केली तेवढीच रक्कम खर्च करण्याचा अधिकार चालकांस मिळतो. दुसरा अर्थ वचनाचा : अमुक पुस्तकें घेऊं, अमुक वर्गाचें छप्पर दुरुस्त करूं, असें सभासदांस दिलेलें तें वचन असतें. तिसरा अर्थ मोजमापाचा : वर्ष चालू असतां आपण ठरल्या वाटेनें चाललों आहों कीं आडवाटेस लागलों आहों हें त्यावरून कळतें. बहुतेक संस्थांत पहिला अर्थ सर्वांस ठाऊक असतो, दुसरा वार्षिक सभेपुरता आठवतो, आणि तिसरा मात्र कोणाच्या ध्यानींही नसतो. वर्षअखेरीस जी धांवपळ व जी तूट दिसते तिचें मूळ बहुधा या तिसऱ्या अर्थाच्या विस्मरणांत सांपडतें.

हा सर्व विचार आपणांकडे इंग्रजांबरोबर आला, अशी एक समजूत आहे. १८६० सालीं जेम्स विल्सन यांनीं हिंदुस्थान सरकारचें पहिलें अंदाजपत्रक मांडलें हें खरें. परंतु म्हैसूरचे पंडित शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत अक्षपटलाचें, म्हणजे हिशेबाच्या कचेरीचें, तपशीलवार वर्णन विद्वानांस वाचावयास मिळालें. कौटिल्याचें कामकाजाचें वर्ष ३५४ दिवसांचें असून तें आषाढांत संपतें. त्या वेळीं ठिकठिकाणच्या हिशेबनिसांनीं मोहोरबंद वह्या व शिल्लक घेऊन यावें आणि तपासणीपूर्वीं त्यांस एकमेकांशीं बोलूं देऊं नये, असा दंडक त्यानें घातला आहे. खर्चाचे त्यानें भेद केले : रोजचा चालणारा तो नित्य, पक्ष, मास वा संवत्सर यांच्या क्रमानें येणारा तो लाभ, आणि या दोहोंवरून उद्भवणारे ते उत्पादिक. जमेचेही त्यानें तीन प्रकार सांगितले : चालू येणें तें वर्तमान, मागील वर्षाचें राहिलेलें तें पर्युषित, आणि अकल्पित हातीं आलेलें तें अन्यजात. जमा व खर्च यांचा ताळा पाहून जें उरेल त्यास त्यानें नीवी म्हटलें आहे. या शब्दांपैकीं ‘पर्युषित’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. धर्मशास्त्रांत पर्युषित अन्न म्हणजे शिळें अन्न. मागील वर्षाची थकबाकी आणि काल रात्रींचा भात यांस एकच विशेषण लावण्यांत केवढा व्यवहार भरला आहे, हें पुढें दिसून येईल.

पेशवाईंतही मामलेदारास वर्षाच्या अंदाजाचा कागद मिळत असे, त्यास बेहेडा म्हणत. परगण्याचा अपेक्षित वसूल व मंजूर झालेला खर्च यांची त्यांत नोंद असे. मामलेदार त्याबाहेर जाऊं लागल्यास त्याजवर नजर ठेवावयास दरखदार असत. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मात्र मामलती इजाऱ्यानें, म्हणजे जो अधिक बोली बोलेल त्यास, देण्याची वहिवाट पडली, आणि तिचे परिणाम एल्फिन्स्टननें आपल्या १८१९ च्या अहवालांत नोंदवून ठेवले आहेत. बोली वाढली म्हणून कागदावरील जमा वाढली. परंतु जमिनीचा कस व पावसाचें मान तेंच राहिलें. मग तो फुगलेला आंकडा भरून काढण्यासाठीं रयत पिळली गेली. जमेचा आंकडा जमिनीकडे पाहून न लिहितां इच्छेकडे पाहून लिहिला, तर तो कोणाच्या तरी अंगावर येऊन आदळतो, हा नियम राज्यास जसा लागू तसाच चार खोल्यांच्या शाळेसही लागू आहे.

आतां आमच्या गांवाकडे वळूं. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालीं स्थापन झाली, आणि १ मे १९६४ रोजीं तिचें महानगरपालिकेंत रूपांतर झालें. आप्पासाहेब वारद यांनीं हौसेनें बांधविलेल्या इंद्रभुवन वाड्यांत तिची कचेरी आली. महापालिकेचा कारभार ज्या १९४९ च्या कायद्यानें चालतो त्यांत अंदाजपत्रकाचा क्रम स्पष्ट सांगितला आहे. आयुक्तांनीं जमाखर्चाचे अंदाज तयार करून स्थायी समितीपुढें ठेवावे. समितीनें त्यांत फेरफार करून तें पत्रक सर्वसाधारण सभेपुढें न्यावें. कोणता कर कोणत्या दरानें घ्यावयाचा हें सभेनें २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावें, आणि नवें वर्ष लागण्यापूर्वीं अंदाजपत्रक मंजूर करावें. परिवहन उपक्रमाचें, म्हणजे शहरांतील बसगाड्यांचें, पत्रक निराळें असतें. करांचे दर आधीं आणि खर्चाची मंजुरी मागून, हा क्रम मोठा मार्मिक आहे. घरांत मुलाच्या मुंजीची यादी करण्यापूर्वीं वडील माणसें पिशवींत किती आहे हें पाहतात, तसाच हा प्रकार होय.

याच कायद्यांत आणखी एक कलम आहे, आणि त्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. वर्ष चालू असतां जमा अपुरी पडणार असें दिसून आलें, तर मंजूर खर्च कमी करणें अथवा पुरवणी कर बसविणें, यांपैकीं कांहीं तरी करून जमाखर्चाचा मेळ घालणें हें महापालिकेवर बंधनकारक केलें आहे. म्हणजे अंदाजपत्रक मार्चांत मंजूर झालें कीं काम संपलें, असें कायदाही मानीत नाहीं. तो वर्षभर डोळे उघडे ठेवावयास सांगतो.

हें कलम इतकें महत्त्वाचें कां, तें सोलापूरच्या जमाखर्चाकडे पाहिल्यास उमगतें. खर्चाच्या बाजूस पहिलें पाणी. शहराच्या उत्तरेस हिप्परग्याचा एकरूख तलाव इंग्रजी अमदानींत, १८७१ च्या सुमारास, पुरा झाला. पुढें गांव वाढलें, आणि भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झाल्यावर तेथून दूरवरचें पाणी नळानें आणण्याचा मार्ग खुला झाला. परंतु हें पाणी आपोआप वाहत येत नाहीं. तें पंपांनीं उपसावें लागतें, आणि पंप विजेवर चालतात. कांहीं दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव सोलापूरकरांनीं कित्येक वर्षें घेतला आहे. पण पाणी दिवसाआड आलें म्हणून विजेचें देयक महिन्याआड येत नाहीं. वेतन, निवृत्तिवेतन, वीज व कर्जाचे हप्ते या खर्चास बांधील खर्च म्हणतात. तो वजा जातां जें राहतें त्यांतूनच रस्ते, बागा व शाळांची डागडुजी व्हावयाची असते.

जमेच्या बाजूस तर गेल्या कांहीं वर्षांत मोठीच उलथापालथ झाली. पूर्वीं जकातीचा पैसा रोजच्या रोज नाक्यावर रोख जमा होत असे. तिच्या जागीं स्थानिक संस्था कर आला; ऑगस्ट १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑगस्ट २०१५ मध्यें, तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला; आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू होऊन महापालिकांस राज्य सरकारकडून भरपाईची रक्कम मिळूं लागली. म्हणजे ज्या जमेचा नळ पूर्वीं आपल्या अंगणांत होता तो आतां दुसऱ्याच्या माडीवर गेला. आपल्या हातीं उरली ती मुख्यत्वें घरपट्टी व पाणीपट्टी. अशा वेळीं या दोन पट्ट्यांचा अंदाज किती प्रामाणिकपणें केला जातो, यावर सगळ्या पत्रकाची सचोटी अवलंबून राहते.

आणि येथेंच तें शिळें अन्न पानांत येतें. घरपट्टीची मागणी निराळी व वसुली निराळी. मागणी म्हणजे येणें. वसुली म्हणजे आलेलें. मागील अनेक वर्षांची थकबाकी चालू वर्षाच्या मागणींत मिळवून सगळीच रक्कम यंदा वसूल होईल असें धरलें, तर जमेची बाजू पाहतां पाहतां भरगच्च दिसूं लागते, आणि तिच्या भरंवशावर नव्या कामांस मंजुऱ्या देतां येतात. परंतु थकबाकींत कांहीं घरें वादांत अडकलेलीं असतात, कांहींचे मालक सांपडत नाहींत, आणि कित्येकांवर मुद्दलापेक्षां दंडच अधिक चढलेला असतो. मग मार्च जवळ आला कीं दंड व व्याज माफ करणारी अभय योजना निघते; राज्यांतील अनेक महापालिकांनीं ती वेळोवेळीं काढली आहे. तिनें चार पैसे येतात हें खरें. पण ज्यानें एप्रिलांत निमूटपणें पट्टी भरली त्यास आपण उगाच घाई केली असें वाटतें, आणि पुढील वर्षीं तोही अभयाची वाट पाहूं लागतो. यंदाची जमा वाढविण्याकरितां पुढील वर्षाची जमा खाऊन टाकण्याचा हा प्रकार होय.

मोठ्या संस्थेचे आंकडे डोळ्यांसमोर उभे राहत नाहींत, म्हणून एका लहान संस्थेचें कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एका वाचनालयाचें अंदाजपत्रक ६,००,००० रुपयांचें आहे. जमेस ४०० सभासदांची प्रत्येकीं ६०० रुपयेप्रमाणें वर्गणी २,४०,०००. सरकारी अनुदान दोन हप्त्यांत १,८०,०००. इमारतींतील गाळ्यांचें भाडें १,२०,०००. आणि ठेवींवरील व्याज ६०,०००. खर्चास सेवकांचें वेतन ३,००,०००, पुस्तकें १,५०,०००, वृत्तपत्रें व मासिकें ४८,०००, वीज ३६,०००, दुरुस्ती ३६,०००, आणि किरकोळ व अकल्पित ३०,०००. दोन्ही बाजूंची तेरीज बरोबर जुळते, आणि सभा चहा घेऊन समाधानानें उठते.

परंतु मागील तीन वर्षांच्या वह्या काढून पाहतां वर्गणी शंभरीं पंच्याऐंशीच वसूल झाली असें दिसलें, तर यंदाचा खरा आंकडा २,०४,००० होतो, आणि ३६,००० रुपयांची तूट पहिल्याच दिवशीं उघडी पडते. ती एप्रिलांत कबूल केली तर उपाय अनेक आहेत. पुस्तकांची तरतूद १,१४,००० वर आणतां येईल. वर्गणी-वसुलीस एखादा होतकरू तरुण नेमतां येईल. गाळ्यांचें भाडें वाढवून मागतां येईल. तीच तूट फेब्रुवारींत उघडकीस आली तर पुस्तकें आधींच कपाटांत येऊन बसलेलीं असतात, वीज थांबवितां येत नाहीं, आणि मग हात जातो तो सेवकांच्या वेतनाकडे. अनुदानाचेंही तसेंच. दुसरा हप्ता मार्चअखेरपर्यंत लांबेल असें धरून पुस्तकांची अर्धी खरेदी त्या हप्त्यावर ठेवली, तर हप्ता न आल्यास पुस्तकें उशिरा येतील, पण कोणाचा पगार अडणार नाहीं. कोणता खर्च कोणत्या जमेवर टांगला आहे हें आधीं ठरवून ठेवणें, हें अर्धें अंदाजपत्रक होय.

उरलेलें अर्धें दर महिन्यास करावयाचें असतें. महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आंत खजिनदारानें एक तक्ता मंडळापुढें ठेवावा. प्रत्येक बाबीपुढें चार रकाने असावे : वर्षाची तरतूद, या तारखेपर्यंत अपेक्षित असलेला खर्च, प्रत्यक्ष झालेला खर्च, आणि उरलेल्या महिन्यांत आणखी किती लागेल याचा नवा अंदाज. यांतील दुसरा रकाना भरतांना तरतुदीस बारांनीं भागून मोकळें होऊं नये. आमच्या उदाहरणांतील विजेची तरतूद ३६,००० आहे, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ९,००० खर्च व्हावे असें धरलें, आणि झाले १४,०००, तर मंडळ घाबरून जाईल. पण सोलापूरच्या वैशाखांत पंखे बंद ठेवून वाचनालय चालेल काय? मागील वर्षीं याच तीन महिन्यांत १३,५०० झाले होते असें वहींत सांपडलें, तर खरी वाढ ५०० रुपयांचीच ठरते. ऋतु, सण, परीक्षा, यात्रा यांचें मान पाहून बारा महिन्यांचे बारा निराळे आंकडे लिहावे. सिद्धेश्वराच्या यात्रेमुळें पौषांत येणारा खर्च व होणारी आवक श्रावणांत शोधण्यांत अर्थ नाहीं.

तिसऱ्या रकान्यांत एक फसगत संभवते. पैसे दिले तेवढाच खर्च, असें मानल्यास ज्या पुस्तकांची मागणी गेली, पण देयक यावयाचें आहे, तीं पुस्तकें हिशेबांतून निसटतात. तरतुदींतील ६०,००० शिल्लक आहेत म्हणून नवी मागणी गेली, आणि आधींच्या ४०,००० च्या मागणीचें देयक मागाहून आलें, असें घडतें. म्हणून मागणीपत्र बाहेर पडलें त्या दिवशींच ती रक्कम बांधली गेली असें समजून वेगळी लिहून ठेवावी. महाराष्ट्र सरकारच्या खात्यांतही वर्षाच्या मध्यें चारमाही व आठमाही अंदाज मागविण्याची पद्धत याच हेतूनें आहे : चार महिन्यांनंतर रस्ता दिसतो, आठ महिन्यांनंतर मुक्काम दिसतो. एका बाबीची उरलेली रक्कम दुसऱ्या बाबीस वळवावयाची असेल तर तीही मंजुरी घेऊन व कारण लिहून वळवावी. गुपचूप वळविलेल्या रकमेंतून पुढें संशय उत्पन्न होतो, आणि बहुधा तो निरपराध माणसावर येतो.

एवढी दक्षता नसली म्हणजे मग मार्चांतील घाई सुरू होते. तरतूद शिल्लक आहे, ती ३१ तारखेस बुडेल, म्हणून खुर्च्या घ्या, भिंती रंगवा, कांहींही करा, पण खर्च दाखवा! केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतील अशी खर्चाची गर्दी आर्थिक सदाचाराचा भंग मानली आहे. शेवटच्या तिमाहींत वर्षाच्या तरतुदीपैकीं शेंकडा ३३ हून अधिक, आणि एकट्या मार्चांत शेंकडा १५ हून अधिक खर्च करूं नये, अशी मर्यादाही वित्त खात्यानें सरकारी खात्यांस घालून दिलेली आहे. घाईंत घेतलेली वस्तु महाग पडते व पारखून घेतली जात नाहीं, हें बाजारांत जाणाऱ्या कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको.

याच्या उलट, वर्षअखेर मोठी शिल्लक दिसली कीं चालकांची पाठ थोपटावयाची, हीही एक चूक आहे. या बाबतींत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें उदाहरण आम्हांस नेहमीं आठवतें. फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकविलेले व शाळेंतील मुलांसाठीं अंकगणिताचें पुस्तक लिहिलेले हे गृहस्थ २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. सरकारच्या तिजोरींत लागोपाठ कांहीं वर्षें शिल्लक दिसत होती आणि तीबद्दल सरकार प्रसन्न होतें. गोखल्यांनीं दाखवून दिलें कीं, रुपयाचा भाव १३ पेन्सांच्या आसपास घसरला होता त्या काळच्या गरजेनें वाढविलेले कर, रुपया १६ पेन्सांवर आल्यावरही तसेच ठेवले आहेत. विलायतेस पाठवावयाच्या रकमेंत सरकारची त्यामुळें बचत होते, आणि तीच शिल्लक म्हणून दिसते. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं लोक जर्जर झाले असतां ही शिल्लक लोकांच्या सुबत्तेची खूण नव्हे, हें त्यांचें म्हणणें होतें. १९०३ सालीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, व प्राप्तीवरील करांतून सूट मिळण्याची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर गेली. शिल्लक कोठून आली हें विचारल्यावांचून तिचें कौतुक करूं नये, हा धडा प्रत्येक संस्थेनें घ्यावा. दुरुस्तीस ठेवलेले ३६,००० खर्च झाले नाहींत आणि छप्पर गळतच राहिलें, तर त्या रकमेस बचत म्हणतां येणार नाहीं. तें पुढील पावसाळ्याचें कर्ज होय.

अंदाजपत्रक मोडल्यावर झळ कोणास लागते, हें आतां सांगावयास हवें. आमच्या परिचयाच्या एका शिक्षणसंस्थेंत महोत्सवाच्या वर्षीं देणगीदारांनीं तोंडीं कबूल केलेल्या रकमा जमेस धरल्या गेल्या. त्यांच्या जोरावर प्रवेशद्वाराची दगडी कमान उभी राहिली, मंडप पडला, पाहुणे आले, भाषणें झालीं. पुढें निम्म्या रकमा आल्याच नाहींत. माघापासून तीन महिने शिपायांचे व ज्यांस सरकारी अनुदान नव्हतें अशा शिक्षकांचे पगार थकले. एका वृद्ध शिपायानें मुलाच्या परीक्षेचें शुल्क भरण्याकरितां बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्याचें आम्हांस मागाहून कळलें. त्या संस्थेंत कोणी एक पैसाही खाल्ला नव्हता. हिशेबाची प्रत्येक पावती जागेवर होती. परंतु आशेस जमा म्हणून लिहिल्याचें प्रायश्चित्त, ज्यानें तो आंकडा कधीं पाहिलाही नव्हता अशा माणसास घ्यावें लागलें. कमान अजून उभी आहे, आणि ती पाहिली कीं आम्हांस त्या पाटल्यांची आठवण होते.

सोलापुरास तर हा प्रसंग फार मोठ्या प्रमाणावर पाहावा लागला आहे. १८७७ सालीं सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला गांव जुनी गिरणी म्हणूनच ओळखीत असे, ती ऑगस्ट १९४९ मध्यें बंद पडली. जानेवारी १९५० मध्यें सरकारनें वटहुकूम काढून तिची व्यवस्था आपल्या हातीं घेतली, आणि त्याच सालीं त्याचा कायदा झाला. गैरव्यवस्था व हयगय यांमुळें आवश्यक मालाच्या उत्पादनास बाध आला व मोठी बेकारी उद्भवली, असें कारण त्यांत लिहिलेलें होतें. भागधारकांचे दावे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि घटनेच्या अभ्यासकांस ते आजही वाचावे लागतात. पण भोंगा थांबल्यावर ज्या हजारों घरांत चूल मंदावली त्यांचें नांव कोणत्याही निवाड्यांत नाहीं. संस्था मोडते तेव्हां कागदावर तूट दिसते; ती तूट प्रत्यक्षांत भरून काढणारा मनुष्य नेहमीं सर्वांत खालच्या पायरीवरचा असतो.

म्हणून, वाचकहो, आपणांपैकीं जे कोणी सभासद, विश्वस्त वा पालक या नात्यानें वार्षिक सभेस जातात त्यांनीं तेथें संकोच न धरतां तीन प्रश्न विचारावे. पहिला : जमेच्या आंकड्यांपैकीं मागील तीन वर्षांत प्रत्यक्ष हातीं किती आलें, आणि थकबाकीचा त्यांत भाग किती? दुसरा : मासिक तक्ता मंडळापुढें शेवटचा कधीं ठेवला गेला? तिसरा : वेतनाच्या किती महिन्यांची रक्कम वेगळी राखून ठेवली आहे? ठराविक मर्यादेपेक्षां अधिक उत्पन्न असलेल्या सार्वजनिक न्यासांनीं नवें वर्ष लागण्यापूर्वीं निदान एक महिना आपलें अंदाजपत्रक धर्मादाय आयुक्तांकडे पाठवावें, असा या राज्याचा कायदा आहे. तें पाठविलें काय, हेंही विचारावयास हरकत नाहीं. जे सहकारी गृहनिर्माण संस्थेंत राहतात त्यांनीं आपल्या आदर्श उपविधी उघडून पाहाव्या. बांधकामाच्या खर्चावर दर वर्षीं निदान शेंकडा पाव सिंकिंग फंडासाठीं आणि शेंकडा पाऊण दुरुस्तीसाठीं बाजूस टाकावें असें त्यांत सुचविलें आहे. म्हणजे १०,००,००० रुपये बांधकामखर्चाच्या बिऱ्हाडामागें वर्षास २,५०० आणि ७,५०० रुपये. ही रक्कम आज जड वाटते म्हणून जे ती टाळतात, त्यांच्या मुलांस पुढें जिना कोसळूं लागल्यावर ती एकदम भरावी लागते.

हे प्रश्न विचारल्यानें कोणावर अविश्वास दाखविला असें होत नाहीं. प्रामाणिक खजिनदारास ते हवेच असतात, कारण त्यांच्या बळावर त्यास उत्साही चिटणिसाचा हात धरतां येतो. येत्या एप्रिलांत आपल्या संस्थेची नवी वही उघडली जाईल. पहिल्या पानावर जमेचे आंकडे लिहिले जातील. त्या वेळीं प्रत्येक आंकड्यापुढें एवढेंच पाहावें कीं, हा पैसा यंदा कोण देणार आहे आणि कोणत्या महिन्यांत. ज्या आंकड्यापुढें हें उत्तर लिहितां येत नाहीं, तो खर्चाचा आधार म्हणून धरूं नये.